बाहीची खूण

बस डेपोत टायरात हवा भरणाऱ्या माणसाला कोण विचारतो? बस वेळेवर सुटली तर श्रेय ड्रायव्हरचं, वेळेवर पोचली तर कंडक्टरचं, आणि वाटेत बसली की मग मात्र सगळ्यांना टायरवाला आठवतो. काकांचं सगळं आयुष्य असं शिव्यांपुरतं आठवलं जाण्यात गेलं. तोंडावर त्यांना सगळे काका म्हणायचे आणि पाठीमागे टुकटुक. हे नाव बेसबॉलमुळे पडलं होतं, आणि ते ठेवणाऱ्या शहाण्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

खेळ तसा सरळ आहे. पिचर चेंडू फेकतो, तुम्ही बॅटनं मारता आणि पळता. मैदानात चार कोपरे: पहिला बेस, दुसरा, तिसरा, आणि जिथून निघालात ते होम. फिरून होमला परत आलात की एक रन. चेंडू हुकला की स्ट्राइक, तीन स्ट्राइक झाले की आउट, आणि तीन गडी आउट झाले की पाळी समोरच्यांची. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर होम रन. मग घाई नाही, हात हलवत, टाळ्या घेत फिरून यायचं. लोकांना हेच बघायचं असतं. डेपोच्या संघाचे कोच म्हणून काकांना मात्र ते अजिबात बघायचं नव्हतं.

"चेंडूला बॅट लागली पाहिजे," ते म्हणायचे. "लागली की काहीतरी घडतं. कुणाच्या हातून सुटतो, कुणाचा पाय घसरतो, कुणी घाईत भलतीकडे फेकतो. आणि नाही लागली तर काय, वाऱ्याला मार दिलास. वाऱ्याला कुठं लागतंय?"

डेपोत दांडगी माणसं काही कमी नव्हती. वर्कशॉपमध्ये इंजिनं उचलणारे एकेक असे होते की त्यांचे दंड बघूनच समोरच्या पिचरनं घरचा रस्ता धरावा. काकांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी निवडले कंडक्टर. का, तर कंडक्टर दिवसभर चालत्या बसमध्ये उभा असतो. ब्रेक लागला तरी पडत नाही, गर्दीतून अंग चोरून पुढं सरकतो, आणि घंटी वाजली की त्याचे पाय आधी निघतात, डोकं मागून येतं. "मेकॅनिकचं तसं नाही," काका म्हणायचे, "तो गाडीखाली निजून निजून पाय विसरलेला असतो."

बॅटिंगचा क्रम त्यांनी असाच लावला होता. पहिली चिमणी. ही कंडक्टर पोरगी अंगानं काडीपैलवान, पण सुटली की सापडायची नाही. दुसरा शिंपी, म्हणजे बसच्या सीटांची कव्हरं शिवणारा. त्याला होम रन मारायला सांगितलं असतं तर त्यानं नोकरी सोडली असती, पण सुईत दोरा ओवावा तशी तो कुठल्याही चेंडूला बॅट लावायचा. तिसरा तिकीट तपासनीस, कारण त्याचा जगात कशावरच विश्वास नव्हता आणि वाईट चेंडूला तो हात लावायचा नाही. आणि चौथ्या नंबरावर, जिथं सगळं जग आपला सगळ्यात दांडगा गडी ठेवतं, तिथं काकांनी ठेवला होता एक पोट सुटलेला म्हातारा ड्रायव्हर. "ब्रेक किती दाबायचा हे त्याला कळतं," म्हणे. लोक हसायचे. हसू देत. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, तसं एकेक बेस सरकत हा संघ बरेचदा जिंकायचाही.

अशा खेळाला खुणा लागतात. दांडगटांना खुणा कशाला? 'मार' एवढंच सांगायचं असतं, ते बोंबलूनही सांगता येतं. पण कुणी कधी पळायचं, कुणी चेंडू सोडून द्यायचा, कुणी बॅट नुसती आडवी धरून चेंडू पायापाशी पाडायचा (याला बंट म्हणतात), हे समोरच्याला कळू न देता सांगायचं तर हातानंच सांगावं लागतं. काका तिसऱ्या बेसच्या बाजूला उभे राहायचे आणि त्यांचे हात बोलायचे. मनगटावर दोन बोटं ठेवली: बंट. कानाची पाळी ओढली: थांब, हा चेंडू सोड. हनुवटीवर अंगठा: पळ, पुढचा बेस गाठ. आणि खांद्यापासून मनगटापर्यंत बाही एकदा पुसली, की तिसऱ्या बेसवरच्यानं मागचा पुढचा विचार न करता होमकडे सुटायचं आणि बॅटवाल्यानं काहीही करून चेंडू पायापाशी पाडायचा. ही शेवटची खूण काका क्वचितच करायचे. फसली तर हात दाखवून अवलक्षण.

या खुणा त्यांनी कुठून आणल्या हे संघात कधी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. त्या काकूंच्या होत्या.

काकू लग्नाआधीपासून मागाच्या कारखान्यात. तिथं एका छपराखाली इतके माग खडखडायचे की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला तुमचे नुसते दात दिसावेत. म्हणून तिथल्या बायका हातानं बोलायच्या. मनगटावर दोन बोटं म्हणजे चहा घ्यायचा का. कानाची पाळी म्हणजे थांब जरा. हनुवटीवर अंगठा म्हणजे पळ, मुकादम आला. आणि बाही पुसली, म्हणजे अंगावरचा कापूस झटकला, की काम संपलं. चल, घरी जाऊ. बाकीचं कितीतरी होतं. नवऱ्याच्या चुगल्या करायच्या खुणा तर वेगळ्याच होत्या, त्या काकूंनी काकांना कधी शिकवल्या नाहीत.

लग्नानंतर पहिल्यांदा घरात पाहुणे बसलेले असताना काकूंनी दारातून मनगटावर दोन बोटं ठेवली, तर या गृहस्थांनी चारचौघांत घड्याळात बघून वेळ सांगितली. काकूंनी कपाळाला हात लावला. ती खूण नव्हती, तो नुसता कपाळाला हात होता. पण पुढे काका तरबेज झाले. लोकांच्या घरी कंटाळा आला की काकू हळूच बाही पुसायच्या आणि काका उठून म्हणायचे, "बराय, निघतो आम्ही, हिला बरं वाटत नाहीये." भांडणंसुद्धा तशीच व्हायची, आणि मिटायचीही तशीच. एकुलती एक लेक होती, तिला ती भाषा कधी आलीच नाही. ती नवरा-बायकोची भाषा होती.

नंतर त्या मागांनी काकूंचे कान नेले. एकदम नाही, हळूहळू. आधी घंटा गेली, मग पाखरं, मग काकांचा आवाज. काकांना वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर अडचण अशी काही झाली नाही. दोघं जेवताना, बसमध्ये, बाजारात हात हलवत बोलत राहिली, आणि बघणाऱ्यांना वाटायचं ही दोघं माशा हाकलतायत.

काकांनी कोच झाल्यावर हीच भाषा संघाला दिली, कारण हाताला दुसरी येतच नव्हती. मॅचला काकू यायच्या. बाकाच्या टोकाला, शिंप्यानं सीटच्या उरल्या कापडाची शिवून दिलेली एक छोटी उशी टाकून बसायच्या. भर मैदानात काकांनी मनगटावर बोटं ठेवली की त्यांना हसू फुटायचं. तिकडे पिचर घाम पुसतोय, बॅटवाली टेन्शनमध्ये, आणि आमचे हे चहा विचारतायत!

मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. शेवटी दवाखान्यात हात उचलायचीही ताकद नव्हती, तरी खाटेच्या चादरीवर त्यांनी दोनदा बाही पुसल्यासारखं केलं. काका म्हणाले, "हो हो, नेतो, नेतो." नेता आलं नाही.

घर खायला उठतं म्हणतात ते काही खोटं नाही. काका एका लाँड्रीच्या वर दोन खोल्यांत राहायचे. खालून दिवसभर वाफेचा आणि साबणाचा वास वर यायचा, आणि तेवढीच काय ती सोबत. ते टीव्ही लावायचे नाहीत. घरात बोलायचं कुणाशी? सकाळी डेपोत पोचून पहिला शब्द काढायचे तो घोगरा निघायचा. लेक लांबच्या शहरात, पोरगी चांगली, आठवड्याला फोन करायची. "बाबा, आवाज बसलाय का तुमचा?" "नाही गं. वापरलेला नाही." ती हसायची. तिला वाटायचं बाबा विनोद करतायत.

तरी मॅच असली की काका उशी घेऊन जायचे. बाकाच्या टोकाला ठेवायचे. संघातलं कुणी तिथं बसायचं नाही आणि त्यावर कुणी बोलायचंही नाही.

भाषेला दोघं लागतात. संघाला खुणा कळायच्या, पण हुकूम कळावा तशा. उलट खूण कुणी करत नव्हतं. करणार कशी, त्यांच्या लेखी ते खेळाचं शास्त्र. पण काकांना तेवढंही खूप होतं. आपल्या मनगटाकडे, आपल्या बाहीकडे टक लावून बघणारी आणि बघून काहीतरी करणारी माणसं जगात अजून आहेत, या एका गोष्टीवर ते आठवडा काढत होते.

आता हातोड्याचं सांगायला हवं. हा वर्कशॉपमधला वेल्डर. नाव वर्कशॉपच्या पोरांच्या मॅचमधल्या त्याच्या बॅटिंगवरूनच पडलं होतं. हात असे की बॅट त्याच्या मुठीत चमच्यासारखी दिसायची. चेंडू लागला तर तो कुंपणच काय, पलीकडचा रस्ताही ओलांडायचा. पण लागला तर! पिचरनं चेंडू फेकला की हा फिरवणारच. मग तो डोक्यावरून जावो की पायाखालून. आयुष्यात त्यानं एक चेंडू सोडला नव्हता. अंगापेक्षा बोंगा मोठा, असं काकांचं त्याच्याबद्दल मत होतं.

पण काका त्याला खेळवत नव्हते त्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकू गेल्यानंतरच्या पहिल्याच सरावाला हा नवीन आला होता. काकांनी कसंबसं स्वतःला गोळा करून मैदान गाठलं होतं. त्यांनी शिंप्याला बंटची खूण केली, मनगटावर दोन बोटं, आणि हा घोडा सगळ्यांदेखत खो खो हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. काकांच्या मस्तकात तिडीक गेली. आपल्या घरात येऊन कुणी देव्हाऱ्याला पाय लावावा तसं त्यांना झालं. त्यांनी हातोड्याला बाकावर बसवला आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही. खुणा शिकवायला सगळ्यांना बोलवायचे, त्याला नाही. पालथ्या घड्यावर पाणी कशाला, म्हणायचे. तो बाकावर बसून राहायचा, सगळा मोसम, मुकाट. वर्कशॉपमधल्या पोरांनी त्याला सांगितलंसुद्धा, सोड हा नाद, म्हातारा तुला उभा करायचा नाही. तरी तो यायचा.

डेपोच्या साहेबांना हातोडा फार आवडायचा. साहेब नवे होते, आणि नव्या साहेबाला काहीतरी बदलल्याशिवाय चैन पडत नाही.

"काका," साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "लोक बेसबॉल बघायला येतात. तुम्ही त्यांना पाकीटमारांची पळापळ दाखवता. माझा असला गडी बाकावर सडतोय."

"तो आउट होतो, साहेब."

"होऊ दे की! दिसतो तरी छान." साहेबांनी पेपरवेट फिरवला. "हे बघा, रविवारी गोदामवाल्यांशी शेवटची मॅच आहे. वरचे लोक येणार आहेत बघायला. जिंकलात तर संघ तुमचा, तुमच्या पद्धतीनं. हरलात तर पुढच्या मोसमापासून मी दुसरा कोच बघतो. तुम्हीही आता जरा आराम करा. घरी बसा."

घरी बसा! हे लोक किती सहज बोलतात. काका "बरं" म्हणाले आणि जाऊन एका टायरात इतकी हवा भरली की हाताखालचा पोऱ्या ओरडला, "काका, फुटेल!"

रविवारी आभाळ पांढुरकं होतं आणि वारा नव्हता. कुंपणाला लागून डेपोची माणसं, पलीकडे गोदामवाले, मध्ये खुर्च्यांवर साहेब आणि वरचे लोक. काकांनी बाकाच्या टोकाला उशी ठेवली, एकदा थोपटली, आणि आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

गोदामवाले म्हणजे पोती उचलणारी माणसं. त्यांनी सुरुवातीलाच दोन चेंडू कुंपणापार घातले आणि हसत हसत फिरून आले. डेपोवाले मुंगीसारखे लागले कामाला. चिमणीनं चेंडू टुचकन ढकलून पहिला बेस घ्यायचा, हनुवटीवर अंगठा दिसला की दुसरा घ्यायचा, शिंप्यानं तिला पुढं सरकवायचं, म्हाताऱ्या ड्रायव्हरनं असा बंट टाकायचा की चेंडू जणू स्टॉपवर थांबलाय. काकांचे हात थकत नव्हते. कुंपणापाशी लोक आधी हसले, मग गप्प झाले, मग ओरडायला लागले. शेवटची पाळी आली तेव्हा दोघांचे रन सारखे होते, बॅटिंग डेपोची होती आणि एक रन झाला की जिंकलं.

पहिला गडी आउट झाला. मग चिमणी पहिल्या बेसवर पोचली, काकांचा अंगठा हनुवटीला लागायच्या आत दुसऱ्यावर. शिंप्यानं जमिनीलगत चेंडू मारला. तो आउट झाला, पण तेवढ्यात चिमणी तिसऱ्या बेसवर. म्हणजे दोन आउट, चिमणी काकांच्या अगदी शेजारी धापा टाकत, आणि बॅट घेऊन तपासनीस निघालेला. काकांना वाटलं, जमतंय. याला चांगला चेंडू मिळाला नाही तर हा हलणार नाही, आणि मिळाला तर बॅट लावणारच.

तेवढ्यात साहेब खुर्चीवरून उठले. "थांबा! हातोड्याला पाठवा. एका फटक्यात संपवू."

"साहेब, आत्ता नको," काका म्हणाले.

"काका, मी सांगतोय."

वरचे लोक बघत होते. तपासनीसानं काकांकडे पाहिलं, काकांनी मान खाली घातली, आणि तो परत फिरला. हातोडा उठला. सगळं मैदान त्याच्या नावानं ओरडायला लागलं. गोदामवाल्यांना तो माहीत होता. पिचर आणि होममागचा कॅचर सोडून त्यांचे सगळे गडी मागं मागं सरकत कुंपणाला जाऊन टेकले.

पहिला चेंडू. हातोड्यानं अशी बॅट फिरवली की त्याची टोपी उडाली. हुकला. दुसरा चेंडू त्याच्या नाकासमोरून गेला, त्यालाही फिरवली. हुकला. आता एक चुकला की खलास, मग खेळ लांबणार आणि दमलेल्या संघाला पोतीवाले खाऊन टाकणार.

आणि काकांच्या आतलं काहीतरी बसलं, रस्त्यात टायर बसावा तसं. त्यांना सरळ दिसलं की आपलं संपलंय. हा आउट झाला तर आपण हरलो आणि घरी बसलो. यानं कुंपणापार मारला तर साहेब म्हणणार, बघा, मी काय म्हणत होतो. तरी घरीच बसलो. कसंही झालं तरी उद्यापासून आपल्या हातांकडे कुणी बघणार नाही. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं. इतक्या माणसांत, इतक्या आरड्याओरड्यात, त्यांना फक्त काकूंची आठवण आली. दुसऱ्यांच्या घरी जीव कंटाळला की ती जशी करायची, तसं त्यांनी बाकाच्या टोकाकडे, त्या रिकाम्या उशीकडे बघत खांद्यापासून मनगटापर्यंत बाही पुसली.

चल गं. घरी जाऊ.

चिमणीनं ते पाहिलं. दोन आउट, दोन स्ट्राइक, बॅटवर हातोडा, आणि ही खूण? दोन स्ट्राइकनंतर बंट रेषेबाहेर गेला तरी आउट धरतात. काकांचं डोकं फिरलंय, असं तिला स्वच्छ वाटलं. पण डोक्यात हे येईपर्यंत कंडक्टरचे पाय निघाले होते.

काकांना ती बाजूनं जाताना दिसली आणि ते भानावर आले. "अगं, अगं, नाही! थांब!" ते ओरडले. पण ओरडण्याकडे या संघात कुणी कधी लक्ष दिलं होतं? पिचरच्या हातून चेंडू सुटला होता. काकांनी होमकडे पाहिलं. तिथं तो पहाड बॅट फिरवणार आणि धावत येणारी पोरगी समोर!

हातोडा गुडघ्यांत वाकला होता. त्याचे ते एवढाले हात सैल झाले होते आणि बॅट त्यानं आडवी धरली होती, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी. टुक, असा आवाज आला. चेंडू पुढ्यात पडला, दोन गिरक्या घेतल्या आणि मातीत बसला. पिचर आणि कॅचर सोडले तर जवळपास कुणी नव्हतं. बाकीचे सगळे कुंपणापाशी होम रन झेलायला उभे होते. चिमणी होमवरून निघूनही गेली.

पण रन अजून लागू झाला नव्हता. दोन आउट असताना बॅटवाला स्वतः पहिल्या बेसवर सुखरूप पोचला तरच तो धरतात. "पळ!" सगळा डेपो किंचाळला. हातोडा पळाला. त्याला पळताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं, त्याची कधी वेळच आली नव्हती. पूर्ण भरलेली बस चढावर निघावी तसा तो निघाला. कॅचरनं झडप घालून चेंडू उचलला आणि पहिल्या बेसकडे धावत आलेल्या गड्याकडे फेकला. इकडे हातोड्यानं अख्खं अंग झोकून दिलं आणि पोटावर घसरत हात बेसला लावला. धूळ उडाली. पंचांनी दोन्ही हात आडवे पसरले. पोचला!

मग काय विचारता! चिमणीला खांद्यावर घेतलं, शिंप्याचा चष्मा तुटला, साहेब वरच्या लोकांना सांगत सुटले की ही आमची खास चाल होती. "काका, मानलं तुम्हाला! असल्या वेळी बंट! काय डोकं आहे!" त्यांनी काकांचा हात हातात घेऊन हलवला. ते काय सांगणार, की साहेब, मी बायकोशी बोलत होतो?

गर्दी पांगायला लागल्यावर ते बाकाकडे आले. हातोडा तिथं उशीच्या शेजारी, उशी सोडून बसला होता. कोपरं सोलली होती, सदऱ्याचं मातेरं झालं होतं. काका त्याच्यापुढे उभे राहिले.

"तुला खुणा कुणी शिकवल्या? मी तर नाही."

"आईनं," हातोडा म्हणाला. "मागाच्या कारखान्यात होती. जन्मभर."

काका त्याच्या शेजारी बाकावर बसले.

"पहिल्या दिवशी तुम्ही भर मैदानात शिंपीदादांना चहा विचारलात," तो म्हणाला, "आणि मला हसू आवरेना. आईची आठवण आली. तिला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता, काका. ती भाषा बघितल्याशिवाय कशी बोलणार?"

सगळा मोसम हा पोरगा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून त्यांचा शब्द न शब्द ऐकत होता, आणि ते जगात आपल्याशी बोलणारं कुणी नाही म्हणून रात्रंदिवस झुरत होते. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"आजची खूण तुला नव्हती," शेवटी ते म्हणाले.

"माहीत आहे मला. तुम्ही इकडे बघत होता." त्यानं उशीकडे बोट केलं नाही, नुसती नजर वळवली. "दोन आउटला असली खूण कोच करत नाही, एवढं मलाही कळतं."

"मग बंट का टाकलास?"

हातोड्यानं कोपरावरची माती खरवडली. "आई गेल्यापासून मला कुणी 'चल, घरी जाऊ' म्हणालं नव्हतं. दुसऱ्याला म्हटलेलं का असेना. हात उचलेचना मारायला."

मग बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत, म्हणजे तोंडानं. मैदान झाडणाऱ्या माणसानं लांबून पाहिलं आणि त्याला वाटलं, या दोघांना फारच माशा चावतायत. हातोड्याला काही अशा खुणा येत होत्या ज्या काकांना काकूंनी कधी शिकवल्या नव्हत्या. त्यातली एक नवऱ्याच्या घोरण्यावर होती. काका ओल्या डोळ्यांनी मोठ्यानं हसले.

खुर्च्या आत गेल्या, कुंपणाचं एक फाटक लागलं. हातोडा उठला, पँट झटकली, आणि काकांकडे नीट बघत त्यानं खांद्यापासून मनगटापर्यंत बाही पुसली.

काकांनी ती खूण पाहिली. त्या दोन खोल्या, लाँड्रीची वाफ, बंद टीव्ही, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी उशी मांडीवर ओढून घेतली आणि हात वर नेऊन कानाची पाळी ओढली. थांब जरा.

आणि आयुष्यात एकही चेंडू न सोडलेला तो माणूस परत बाकावर बसला.